चहा बशीत ओतलाच नव्हता

गेल्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत आमच्या कारखान्यातल्या थर्मिकच्या, म्हणजे गरम तेल फिरवणाऱ्या, पंपाची चार मेकॅनिकल सीलं गेली. पाचवं खोक्यातून काढून मी टेबलावर ठेवलं, तर फिटर काकांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "मी हे बसवत नाही भाऊ. पयले सांगा, थे मरते काहून?"

तोवर आम्ही हा प्रश्न स्वतःला नीट विचारलाच नव्हता. सील गळालं की बदलायचं. चारही वेळा तेच केलं होतं.

आमचा कारखाना मूर्तिजापूर-दर्यापूरच्या पट्ट्यात आहे. सोयाबीनचं तेल शुद्ध करतो. तेलाचा वास काढण्यासाठी ते निर्वाताखाली २४०-२५० अंशांपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडावी लागते. एवढी उष्णता आणायची तर मध्ये थर्मिक फ्लुइड लागतं, म्हणजे फक्त उष्णता वाहून नेणारं खनिज तेल. हीटरमधून ते २८० अंशांना निघतं आणि फिरून २६०च्या आसपास परत येतं. परतीच्या वाटेवर पंप बसलाय. हीटर चालतो पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या विटांवर. कापूस वेचून झाला की उभी राहते ती पऱ्हाटी. पूर्वी बांधावर पेटवून देत, आता तिला गिऱ्हाईक मिळालंय.

सील म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पंपाचा शाफ्ट फिरता, पंपाचं अंग स्थिर. दोन्हींच्या मधल्या फटीतून तेल बाहेर येऊ नये म्हणून दोन कड्या एकमेकींवर टेकवलेल्या असतात, एक कार्बनची, दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. एक फिरते, एक थांबते. दोघींचे चेहरे आरशासारखे घासलेले. त्यांच्यामध्ये तेलाचा एवढा पातळ पापुद्रा असतो की मायक्रॉनात मोजावा लागतो, आणि त्या पापुद्र्यावरच सील जगतं. तो टिकला तर वर्षानुवर्षं चालतं. तो जळाला, सुकला, त्याची वाफ झाली की कार्बन कोरडा घासतो आणि पंधरा दिवसांत खेळ खलास.

पहिलं सील गेलं तेव्हा सगळ्यांनी उन्हाळ्याला धरलं. मार्च संपत आला होता, ऊन चाळिशीला टेकलं होतं. दुसरं गेलं तेव्हा अलाइनमेंटला धरलं, म्हणजे मोटार आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नाहीत असं म्हटलं. मोजायला डायल लावला. थंड पंपावर सरळ असलेला शाफ्ट गरम झाल्यावर थोडा सरकतो, म्हणून गरम असतानाही तपासला. थोडी चूक निघाली, दुरुस्त केली, आणि वाटलं जिंकलो. तिसरं सील तेवीस दिवस चाललं.

चौथ्याची रात्र मला विसरता येणार नाही. जूनची सुरुवात, रात्रीचे अडीच. ऑपरेटर पोरगा धावत आला, म्हणाला लॅगिंगमधून धूर निघतोय. पंपाजवळच्या पाइपावर उष्णता राखायला रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, गुंडाळलेलं, त्यावर पत्रा. सीलमधून झिरपलेलं तेल त्या रॉकवूलमध्ये मुरत गेलं होतं. गरम तेल असं लोकरीत पसरलं की त्याला हवा भरपूर मिळते. ते आतल्या आत तापत जातं आणि ठिणगीशिवाय धुमसायला लागतं. पत्रा उचकटला तर आत लालसर डाग. पाणी मारायचं नाही, हे सगळ्यांना पाठ होतं, कारण एवढ्या गरम तेलावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होऊन तेलच अंगावर उडतं. ड्राय पावडर मारली, पंप बंद केला. हीटरचं मात्र तसं नाही. ब्रिकेटची आग स्विच दाबून विझत नाही, आणि नळ्यांमधलं तेल थांबलं तर जागच्या जागी करपतं. म्हणून लगेच स्टँडबाय पंप सुरू करून तेल फिरत ठेवलं आणि भट्टीतला विस्तव ओढून काढला. पहाटे साडेपाचला चहा मिळाला.

पाना खाली ठेवला गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.

मी काकांना म्हणालो, कूलिंग तर चालू आहे. पंपाला दोन ठिकाणी पाणी दिलेलं होतं. एक, सील ज्या पोकळीत बसतं तिच्याभोवतीच्या जॅकेटला. दुसरं, एका छोट्या कूलरला. पंपाच्या दाबाच्या बाजूने थोडं तेल काढून, बारीक भोकाच्या ऑरिफिसमधून नेऊन, या कूलरमध्ये थंड करून ते सीलवर सोडायचं, अशी ती मांडणी. एपीआय ६८२ नावाच्या प्रमाणग्रंथात या मांडण्यांना आकडे दिलेत, आमची होती प्लॅन २१. मी कूलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पाइपाला हात लावून दाखवला. थंड. आम्ही सगळे रोज राउंडला हेच करायचो. पाइप थंड लागला की लॉगबुकात 'कूलिंग ओके'.

काका हसले. "बशी थंडी लागून रायली म्हंजे चहा निवला, असं कोनी सांगतलं तुमाले? चहा बशीत वतला असता त बशी पोयली असती ना बाप्पा."

मी डिप्लोमा केलाय. त्यांनी आयटीआयही पुरी केली नाही. पाणी उष्णता घेऊन जात असेल तर ते जाताना गरम व्हायलाच हवं, ही गोष्ट मला कळत नव्हती असं नाही. हात लावताना ती आठवली नाही, एवढंच.

मग मोजायला घेतलं. स्टोअरमध्ये इन्फ्रारेडची बंदूक होती, ती रोखली. कूलरमधून निघणाऱ्या तेलाच्या नळीवर दाखवलं ११० अंश. एवढं असेल तर ठीकच म्हणायचं. पण ती नळी चकचकीत स्टेनलेस स्टीलची, आणि चकचकीत धातूवर ही बंदूक सर्रास खोटं बोलते. धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. चिमणीला मारायचा, उष्णता सोसणारा काळा रंग आणून नळीवर रुपयाएवढा ठिपका दिला, वाळू दिला, पुन्हा बंदूक धरली. २२१. त्याच नळीवर, त्याच मिनिटाला.

पाण्याचं पाहिलं तर ३१ अंशांना आत, ३३ला बाहेर. दोन अंश! म्हणजे २६० अंशांचं तेल कूलरमध्ये जाऊन जेमतेम चाळीस अंश उतरत होतं आणि तसंच सीलवर पडत होतं. आमच्या सीलमधल्या ओ-रिंगा व्हायटॉन नावाच्या रबराच्या. व्हायटॉन २०० अंशांच्या आसपास हात टेकतं. जुन्या सीलांच्या ओ-रिंगा कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिल्या तर बांगडीसारख्या कडक झालेल्या, दाबल्या की कट्कन तुटत होत्या. कड्यांच्या बाहेरच्या, हवेकडच्या बाजूला, खव्याच्या कढईच्या बुडाला करपून बसतो तसा काळा थर होता. पापुद्र्यातून थोडं तेल नेहमीच बाहेर येतं. ते गरम असलं आणि त्याला हवा लागली की त्याचा कोळसा होतो. हा कोळसा कडीला मागून दाबणाऱ्या स्प्रिंगांमध्ये बसला की पुढे सरकणारी कडी अडकते आणि दोन चेहऱ्यांमध्ये फट पडते. चारही सीलं याच एका रोगाने गेली होती, आणि पुरावा दोन महिने डब्यात पडून होता.

कूलर उघडला. आतल्या नळीच्या वेटोळ्यावर पांढरट पिवळा थर, बोटाच्या नखाच्या रुंदीइतका जाड, हातोडीने ठोकावा तर खण् वाजणारा. जॅकेटमध्ये तर पाण्याला वाटच उरली नव्हती. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या गावांना हे पाणी काय चीज आहे ते सांगायला नको. बोअरच्या पाण्यावर वाढलेली पोरं मामाच्या गावी गेली की म्हणतात, इथलं पाणी गोड आहे. तेच पाणी आम्ही कूलिंग टॉवरला देत होतो. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो, कारण साखरेच्या उलट, चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून थर सगळ्यात आधी सगळ्यात गरम भिंतीवर बसतो, आणि आमची सगळ्यात गरम भिंत होती ती कूलरची नळी. दगडातून उष्णता पोलादाच्या मानाने फारच हळू जाते. एक मिलिमीटर दगड पुरे असतो, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट होता.

उन्हाळ्याचं कोडं इथे सुटलं. आम्ही म्हणत होतो उन्हामुळे पाणी तापतं. लॉगबुक काढून बघितलं तर मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, टॉवरचं पाणी दुपारी २८ला होतं, आणि आदल्या जुलैत ते ३१ला. टॉवर म्हणजे घरचा कूलरच. वऱ्हाडात मेमध्ये हवा इतकी कोरडी की वाळ्याच्या ताट्या फुरफुर गारवा देतात, आणि जुलैत तोच कूलर चिकचिक करतो. तेव्हा ऊन पाणी तापवत नव्हतं. पण कोरड्या हवेत टॉवरचं पाणी धडाधड उडत होतं, आणि उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. आम्ही वरून नवं खारं पाणी टाकत होतो, खालून सोडत काहीच नव्हतो. मेमधलं टॉवरचं पाणी जिभेला लावलं असतं तर समजलं असतं. उन्हाळ्यावरचा आरोप अगदीच खोटा नव्हता, फक्त कलम चुकीचं लागलं होतं.

सल्फामिक ॲसिडचं द्रावण दोन दिवस फिरवलं. थर फसफसत सुटला, बादलीभर गाळ निघाला. पाचवं सील बसलं. पंप गरम झाल्यावर पाणी ३१ला आत, ४२ला बाहेर, आणि तेल शंभरच्या जवळ. काका पाइपाला हात लावून म्हणाले, "आता बशी पोयली."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पाच आठवड्यांत बाहेरचं पाणी ४२वरून ३७वर आलं. थर पुन्हा बसायला लागला होता.

एका रात्रपाळीला परमिटच्या कागदामागे मी हिशोब मांडला. ऑरिफिसमधून मिनिटाला साधारण सहा लिटर तेल येतं. ते २६०वरून १००वर आणायचं तर जवळजवळ ३० किलोवॅट उष्णता काढावी लागते. घरच्या तीस इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात, एवढी. आणि ही उष्णता काढून काय करायचं, तर थंड झालेलं तेल सीलवरून पुन्हा गरम पंपात सोडून द्यायचं आणि मागून नवं गरम तेल घ्यायचं. ब्रिकेट जाळून तेल तापवायचं आणि तेच टॉवरवर नेऊन निववायचं! सीलच्या चेहऱ्यांवर घर्षणाने होणारी उष्णता आणि पंपाच्या अंगातून शाफ्टवाटे येणारी, दोन्ही मिळून तीन किलोवॅटच्या वर जात नव्हती. आम्ही दसपट काम करत होतो.

इलाज नवा नव्हता, त्याच एपीआयच्या पुस्तकात प्लॅन २३ म्हणून आहे. पंपातलं तेल सीलकडे आणायचंच नाही. सीलच्या पोकळीच्या गळ्याला घट्ट बुश बसवायचं, म्हणजे आतलं गरम तेल इकडे सहज येत नाही. मग पोकळीतलं तेच दोन-अडीच लिटर तेल कूलरमधून फिरवत राहायचं. फिरवायला वेगळा पंप नको, सीलवरच एक छोटी पंपिंग रिंग असते, शाफ्टबरोबर फिरते आणि तेल ढकलते. मालकांना समजावताना मी म्हणालो, रांजणातलं पाणी थंड ठेवणं वेगळं आणि कॅनॉलचं पाणी थंड करत बसणं वेगळं. तीस किलोवॅटला ते हलले नाहीत, रांजणाला हलले.

नवं सील धातूच्या बेलोजचं, म्हणजे भात्यासारख्या घड्यांचं, घेतलं, ओ-रिंगांच्या जागी ग्राफाइट. महाग पडलं, पण चार जुन्यांच्या बिलापेक्षा कमी. जुलै-ऑगस्टात माल नसतो, तेव्हा बदल केला.

कूलर कुठे बसवायचा यावर माझा आणि काकांचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, खाली, हाताशी, साफ करायला सोपा. मी तो शाफ्टच्या मध्यरेषेपासून अर्धा मीटर वर घेतला. कारण इथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. पंप थांबला की पंपिंग रिंगही थांबते, पण पंपाचं अंग तासन्‌तास २००च्या वर राहतं. कूलर वर असेल तर गरम तेल आपोआप वर चढतं, थंड होऊन खाली उतरतं, हळू का होईना फिरत राहतं. मात्र कूलरला पाणीही हवं, आणि टॉवरचा पंप जनरेटरवर नव्हता. म्हणून टाकीच्या मनोऱ्यावरून एक लाइन आणली, ती वीज नसतानाही उतारावर वाहते. हे ऐकल्यावर काकांनी वाद सोडला, पण कूलरपाशी चढायला शिडी मागितली आणि घेतलीही.

पाण्याचा प्रश्न तर लाजिरवाणा सोपा निघाला. कूलरपासून चाळीस फुटांवर बॉयलरचा सॉफ्टनर. बॉयलरला मऊ पाणी देतो, कारण तिथे थर बसला तर इन्स्पेक्टर विचारतो. सीलचं कोणी विचारत नाही, म्हणून तिथे बोअरचं. आता हजार लिटरची टाकी, मऊ पाणी, आणि एका छोट्या टॉवरवर त्याचाच फेरा. सॉफ्टनरने पाण्याचा खारेपणा जात नाही हे लक्षात ठेवावं लागतं. तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो, म्हणजे दगड होणं थांबतं, मीठ राहतंच. आणि क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. म्हणून दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी सोडून नवं भरतो.

ऑगस्टच्या शेवटी पंप सुरू केला. पहिल्या तासात सीलचं तापमान १८० आणि वर चढतंय. माझ्या पोटात गोळा. कूलरची पाण्याची बाजू थंड, म्हणजे पुन्हा तीच बशी. कारण साधं होतं, वरच्या वळणात हवा अडकलेली. पंपिंग रिंगमध्ये ताकद किती, तर फुंकर मारल्याएवढी. तिला हवेचा बुडबुडा ढकलता येत नाही. सगळ्यात उंच जागी व्हेंट ठेवला होता, पण थंड तेलावर एकदाच उघडला होता. पंप थांबवून, अंग निवू देऊन, हातमोजे आणि फेसशील्ड घालून पुन्हा हवा काढली. नळी वाटेत कुठेही खाली उतरून पुन्हा वर चढता कामा नये, हेही तेव्हाच कळलं. एके ठिकाणी सपोर्टमुळे तसा पोक आला होता, तो सरळ केला. अर्ध्या तासात ९२वर स्थिर झालं. पाणी ३०ला आत, ३५ला बाहेर. बशी यापेक्षा जास्त पोळायला नको, कारण आता चहाच थोडा होता. आणि पाणी वाढवून तेल आणखी निववण्याचा मोहही नको, फार थंड झालं तर थर्मिक जाड होतं आणि रिंगेला ते फिरवता येत नाही.

एक चूक त्यानंतरही केली. सीलच्या हवेकडच्या बाजूला कोळसा बसू नये म्हणून तिथे हलकी वाफ सोडतात, क्वेंच. हवा दूर राहते, झिरपलेलं तेल करपत नाही. आम्ही बॉयलरची वाफ दिली, व्हॉल्व्ह जरा सढळ हाताने. आठ दिवसांनी बेअरिंगचं तेल पाहिलं तर ताक! वाफ शाफ्टवरून बेअरिंगच्या घरात शिरून तिचं पाणी झालं होतं. तेल बदललं, शाफ्टवर एक चकती लावली, वाफेच्या लाइनला साचलेलं पाणी काढणारा ट्रॅप बसवला, आणि व्हॉल्व्ह एवढाच उघडा ठेवला की नुसती वाफेची रेघ दिसावी.

ते सील अजून चालू आहे. हा मे, नववा महिना. नव्या आयटीआयच्या पोराला काका राउंडला नेतात आणि पाण्याच्या दोन्ही पाइपांना दोन हात लावायला लावतात. एकाच हाताला काय समजते, म्हणतात. पोराने परवा विचारलं, काका, बंदूक आहे ना. "आहे ना. मंग काया ठिपका कुठी हाये, थे दाखव."

स्टँडबाय पंपाला अजून जुनीच मांडणी आहे, प्लॅन २१, आणि तोच खालचा कूलर. त्याचंही बदलावं म्हणून ऑक्टोबरात कागद वर पाठवला. जानेवारीत विचारणा आली, मार्च ते जूनच्या सीलांच्या बिलांच्या झेरॉक्स जोडा. जोडल्या आहेत.